झोपलेली बॅटरी आणि आमच्या माथी खापर



पोळा होऊन आठ दिवस झाले होते. पऱ्हाटी कमरेला लागलेली, पाऊस उघडलेला आणि पानांखाली तुडतुडे, फुलकिडे बसलेले. आमच्या भागातल्या एका शेतकरी गटाने त्या सकाळी ड्रोनची पेटी बांधावर आणली. ड्रोन आले होते अक्षय्य तृतीयेला. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. पण उडवणाऱ्या पोराचे प्रशिक्षण होऊन प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत श्रावण सरला. तोवर पेटी गटाच्या गोदामात, पत्र्याखाली.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी वापरलेली बॅटरीची जोडी भरून आणली होती. तिच्यावर दीड एकर झाले. मग जादा घेतलेल्या चार कोऱ्या बॅटऱ्या काढल्या. बटन दाबले. एकही दिवा लागला नाही. दुसरीचे दाबले, तिसरीचे दाबले, चौथीचे दाबले. अंधार. गावातल्या वायरमनला बोलावले. त्याने मीटर लावले आणि सांगितले, शून्य आहे, मेल्यात. विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, तुम्हीच नीट ठेवल्या नसतील, माणूस पाठवतो चार दिवसांनी. गटातल्या एका हुशार पोराला दम निघाला नाही. त्याने एका बॅटरीचे झाकण उघडले आणि इलेक्ट्रिक स्कूटरच्या चार्जरच्या वायरी थेट आतल्या सेलला लावल्या. पाच मिनिटांत बॅटरी पुरीसारखी फुगली आणि उग्र वास सुटला. नशीब त्याचे, की बॅटरी हातातून फेकायचे भान त्याला राहिले.

चार दिवसांनी माणूस आला. उरलेल्या तिन्ही बॅटऱ्या त्याने गटाच्याच चार्जरला लावल्या. थोड्याच वेळात दिवे लुकलुकू लागले! दोन बॅटऱ्या ठणठणीत निघाल्या. तिसरी उठली, पण तिच्यातले एक-दोन सेल इतके खाली गेले होते की ती कामाची राहिली नाही. पण त्या चार दिवसांत बायामाणसांनी पाठीवरचा पंप घेऊन पुन्हा त्याच विषाच्या धुक्यात फवारणी केली होती आणि तिसऱ्या दिवशीच्या पावसाने ती धुऊन गेली होती. फवारणी दोनदा, मजुरी दोनदा, औषध दोनदा. हा खर्च कुणाच्या खात्यावर लिहायचा, हा आमचा प्रश्न आहे.

आधी बॅटरीचे समजून घेऊ, कारण समजले नाही की आपल्यालाच अडाणी ठरवतात. साधी बॅटरी म्हणजे नुसते सेल. ‘हुशार’ बॅटरीत सेलबरोबर एक लहान पट्टी असते. ती प्रत्येक सेलचा दाब बघते, गरमी बघते, धोका दिसला की दार बंद करते. ही पट्टी जागी राहायला सेलमधूनच थोडी थोडी वीज खाते. महिनोन्‌महिने बॅटरी पडून राहिली तर तेवढ्यानेही सेल रिकामे होतील. म्हणून कारखाना तिला झोपवून पाठवतो. बेडूक नाही का उन्हाळाभर काळ्या मातीत निपचित पडून राहतो आणि पहिल्या पावसाला उठतो, तसेच. या झोपेत बाहेरच्या तारांचे दार बंद असते. मीटर शून्य दाखवते. आत सेल जिवंत असतात. आमच्या वायरमनचे मीटर खोटे बोलले नाही, पण त्याने जे मोजले ते बंद दार होते, आतले माणूस नव्हे.

अशी बॅटरी नुसत्या बटनाने उठत नाही. तिला तिच्याच चार्जरला लावावे लागते. चार्जरचा प्रवाह लागला की पट्टी जागी होते, दिवे लागतात आणि मग ती पूर्ण भरायची. पहिल्या उड्डाणाआधी एकदा पूर्ण भरणे हाच तिला उठवायचा विधी. ती कोरी असून अर्धवट रिकामी का येते? लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या विमानाने पाठवताना ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेल्या नसाव्यात, असा आंतरराष्ट्रीय नियम १ एप्रिल २०१६ पासून आहे. आग लागू नये म्हणून. नियम योग्यच आहे. पण कमी भरलेली बॅटरी बोटीत, गोदामात, दुकानात आणि शेवटी आमच्या पत्र्याखाली किती महिने पडून राहील, याचा हिशोब कोण ठेवतो? झोपेतही सेल हळूहळू उतरतच असतो.

इथे एक भेद ध्यानात घ्या. झोपलेली बॅटरी वेगळी आणि मेलेली वेगळी. लिथियमचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट असतो. बराच काळ ठेवायचा तर ३.८ च्या आसपास बरा. तो ३ च्या खाली बराच गेला आणि तसाच पडून राहिला, तर आतले तांबे विरघळते. मग भरायला लावल्यावर आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. अशी बॅटरी जबरदस्तीने उठवणे म्हणजे घरात सुरुंग पुरणे. तिच्या स्वतःच्या चार्जरवर जी उठत नाही ती उठवू नका. झाकण उघडू नका, वायरी लावू नका. आमच्या त्या पोराला आम्ही रागावलो नाही. त्याने जे केले ते पंपाच्या स्टार्टरवर, ट्रॅक्टरवर आपण सगळेच करतो. पण इथे ती हुशारी चालत नाही. आणि काही स्वस्त बॅटऱ्यांत पट्टीच नसते. त्या झोपत नाहीत, गुपचूप मरतात. विकत घेतानाच विचारा, ही कोणती?

आता आमच्या भावांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. दिवाळीनंतर घरात कापूस असतो. बैठकीत कापूस, माजघरात कापूस, भाव येईल म्हणून छतापर्यंत लावलेली थप्पी. आणि त्याच खोलीच्या बोर्डाला रात्रभर चार्जर लावून आपण झोपतो! मोबाइलची बॅटरी ती केवढी, ही केवढी! १६ अँपिअर-तासाच्या सहा सेलच्या दोन बॅटऱ्यांच्या जोडीत ७०० वॅट-तासांहून जास्त ऊर्जा कोंबलेली असते. ती पेटली तर कापूस, घर आणि लेकरे, काही हाती लागणार नाही. चार्जिंग ओसरीत, दगडावर किंवा सिमेंटवर, जागे राहून करा. कापूस, कडबा, औषधाचे डबे यांपासून लांब. वाळूची दोन घमेली जवळ ठेवा. फुगलेली, पडलेली, चेपलेली बॅटरी लावूच नका.

गरमीचेही तसेच. ४० अंशांच्या वर बहुतेक बॅटऱ्या भरून घ्यायला तयार नसतात, आणि अकोला-यवतमाळकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याखालचे गोदाम म्हणजे भट्टीच. नुकतीच उतरवलेली तापलेली बॅटरीही लगेच लावू नये, निवू द्यावी. मातीच्या जाड भिंतीच्या घरातला थंड, कोरडा कोपरा हे तिचे घर. निम्मी भरून ठेवावी आणि दर दोन-तीन महिन्यांनी बाहेर काढून बघावी, नाहीतर ती पुन्हा झोपते आणि कधी कधी झोपेतच जाते. बियाण्याची उगवण आपण पेरणीआधी तपासतोच ना, तशी ही तपासणी रोहिणीत व्हायला हवी. फवारणीच्या सकाळी नव्हे.

पण भावांनो, एवढे सगळे आम्हाला या पानावर का लिहावे लागते? हे पेटीत का नव्हते? पुस्तिका होती. इंग्रजी, बारीक छापाची. झोपेबद्दल तिच्यात दीड ओळ, तीही मागच्या पानावर. कीटकनाशकाच्या डब्याबरोबर मराठीत चिठ्ठी देता येते, तर लाखोंच्या यंत्राला मराठीची अडचण कसली?

दुसरे, वॉरंटी. वर्षाची वॉरंटी म्हणे. बिलाच्या तारखेपासून. बागायती मुलखात ऊस आहे, भाजी आहे, फळबाग आहे, ड्रोन बारमाही फिरते. आमच्या कोरडवाहू कापसात ते उडते फार तर ऑगस्ट ते ऑक्टोबर, ज्वारीत तर क्वचितच. अक्षय्य तृतीयेला बिल झाले तर पहिले चार महिने प्रमाणपत्राची वाट पाहण्यात गेले आणि शेवटचे सहा महिने पेटी बंद. वर्षाच्या वॉरंटीतून आमच्या पदरात पडले दोन महिने. त्यातलेही चार दिवस यांच्या माणसाची वाट बघण्यात. ज्या दिवशी बॅटरी आमच्यासमोर उठली, त्या दिवसापासून वॉरंटी मोजा, एवढेच आमचे म्हणणे. त्यात फुकट काय मागितले?

आम्ही ड्रोनच्या विरोधात आहोत, असे कुणी समजू नये. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या घरांत जाऊन आलेल्या कुणालाही पाठीवरच्या पंपाचे प्रेम उरलेले नाही. विषापासून माणूस दूर उभा राहणार असेल तर ते यंत्र आमच्या बांधावर आलेच पाहिजे. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना १,२६१ कोटी रुपयांची तरतूद करून मंजूर केली. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख अनुदान. पेटीत जादा बॅटऱ्यांचे चार संच, वारा मोजायचे यंत्र, पाण्याचा सामू मोजायचे यंत्रसुद्धा, आणि दिवसाला २० एकर होतील असे गणित. गणित चांगले आहे. पण ते पाचही संच जागे असतील तरच २० एकर होतात, आणि ते सगळे रोज भरायला नीट दाबाची वीज लागते. पाच संचांना चार-साडेचार युनिट, म्हणजे पैसा फार नाही. पण अर्ध्या तासात जोडी भरायची तर चार्जर दीड किलोवॅटच्या वर ओढतो. गावठाणात संध्याकाळी व्होल्टेज पडले की तो बंद पडतो, आणि जिथे शेतीच्या फीडरला अजून दिवसाची वीज पोचलेली नाही तिथे शेतात लावायचा प्रश्नच नाही. जनरेटरचे पेट्रोल कुणाच्या गणितात धरले आहे?

आता मागणी. ड्रोन ताब्यात देताना विक्रेत्याने प्रत्येक बॅटरी आमच्यासमोर चार्जरला लावावी, उठवावी, पूर्ण भरावी. प्रत्येक सेलचा दाब आणि कारखान्याची तारीख कागदावर लिहावी, सही करावी. जी उठली नाही ती त्याच दिवशी परत. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. नारळ फोडायला तेवढा वेळ जातोच. हंगामात बॅटरी बंद पडली तर ४८ तासांत बदली बॅटरी बांधावर, नाहीतर फवारणीचे भाडे भरून द्यावे. कर्ज देणाऱ्या बँकेने हा कागद बघितल्याशिवाय विक्रेत्याचे पैसे सोडू नयेत. बँक आमच्याकडून सातबारा, आठ-अ आणि इतर तालुकाभर कागद मागते. एखादा कागद विक्रेत्याकडूनही मागावा.

कुणी म्हणेल, तुम्ही भाड्याने फवारणी करता, म्हणजे व्यापारी झालात, ग्राहक नव्हे. हे ऐकून परत फिरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. तक्रार कंपनीच्या गावी जाऊन करावी लागत नाही. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. पण तिथे तोंडी हकिगत चालत नाही, कागद लागतो. तो नेमका आपल्याकडे नसतो, आणि त्यात दोष आपलाही आहे. ड्रोन आले त्या दिवशी गटातल्या एकानेही विचारले नाही, की या चार बॅटऱ्या चालतात का? फोटोत मात्र सगळे होते. आम्हीही होतो.

मेलेली बॅटरी उकिरड्यावर किंवा विहिरीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. विक्रेत्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.

जिल्हा बैठकीला येताना ज्यांच्या गटाकडे ड्रोन आहे त्यांनी बिल, वॉरंटीचा कागद आणि प्रत्येक बॅटरीवरच्या चिठ्ठीचा फोटो आणावा. कोणती बॅटरी कोणत्या तारखेला पहिल्यांदा चार्जरला लावली, उठली की नाही, किती दिवस वाट पाहिली, हेही वहीच्या पानावर लिहून आणावे. सगळ्या तालुक्यांचे एकत्र करून निवेदन देऊ. जमले तर चार्जरही आणा; सभागृहाच्या ओट्यावर लावून बघू, कुणाची झोपली आहे आणि कुणाची गेली आहे. फुगलेली बॅटरी मात्र एसटीत घालून आणू नका, तिचा फोटो पुरे.