चुरा पावाचा, घाला अंड्यावर

तंबू आवरताना प्लास्टिक उचलणारी माणसेही पावाचा चुरा तसाच सोडतात. ‘पाखरे खातील’ म्हणतात. ती खातात, हीच अडचण आहे.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचे बिग बेसिन हे त्या राज्याचे १९०२ मधील पहिले राज्य उद्यान. मार्बल्ड मरेलेट हा समुद्रपक्षी मासे समुद्रात पकडतो. अंडे मात्र अशा जुन्या जंगलातील उंच वृक्षांच्या जाड फांदीवर घालतो, तेही एका वेळी एकच. झाडावरचे त्याचे उत्तर अमेरिकेतील पहिले घरटे १९७४ मध्ये याच उद्यानात सापडले. १९९२ पासून तो तिथल्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे.

कावळ्याच्या कुळातील स्टेलर्स जे हा पक्षी सांडलेल्या अन्नासाठी तंबूंभोवती गोळा होतो, त्याची संख्या वाढते आणि मरेलेटची अंडी-पिल्ले तो फस्त करतो. म्हणून खाणे पेटीत बंद ठेवा, चुराही सांडू नका, असे उद्यान पर्यटकांना बजावते.

कोकणात ऑलिव्ह रिडले कासवे ज्या वाळूत अंडी घालतात, तिथेही आता तंबू लागतात. उष्ट्यावर पोसलेली कुत्री घरटी उकरतात. कावळे पिल्ले उचलतात. म्हणून तंबूंना परवानगी देतानाच झाकणाच्या कचरापेट्या आणि उष्टे परत नेण्याची अट घातली पाहिजे. घरटी राखणाऱ्या गावकऱ्यांच्या मेहनतीवर आपल्या उष्ट्याने पाणी पडू नये.