येझदीचा आरसा

मंगळवेढ्याला लोक कशासाठी जातात? दामाजीपंतांच्या दर्शनाला, नाहीतर ज्वारी आणायला. (२०१६ साली त्या ज्वारीला जीआय टॅग मिळालाय, उगाच नाही!) मी मात्र गेले होते एका हेडलाइटच्या रिंगसाठी.

मामांची येझदी रोडकिंग. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६१ पासून गाड्या बनवल्या आणि १९९६ मध्ये कारखान्याला टाळं लागलं. येझदी हे नाव २०२२ मध्ये नव्या बाइक्सवर परत आलं खरं. पण दोन सायलेन्सरची, टू-स्ट्रोक, एकाच लिव्हरने किकही मारायची आणि गिअरही टाकायचा, ती जुनी भानगड काही औरच! मामा तिच्यावरून शेतात जायचे, पंढरपूरला जायचे. आणि निघायच्या आधी हेडलाइटच्या क्रोम रिंगमध्ये बघून भांग पाडायचे. घरात आरसा होता की! पण नाही, रिंगच हवी.

आता गुडघा किक मारू देत नाही. मामा म्हणाले, "तुझ्या नावावर करतो गं. पण आधी नीट कर, मग ने." आणि ज्वारीच्या पट्टीचे पैसे माझ्या हातात ठेवले. कुठल्याही इंटरव्ह्यूला आलं नसेल एवढं टेन्शन आलं, खरं सांगते.

गाडीचं क्रोम पार गेलेलं. रिंगवर फोड, हॅण्डलवर गंजाचे ठिपके, रिम्सचे पापुद्रे निघालेले. मी आपली हुशार! इंटरनेटवर आरशासारखे चकाकणारे पार्ट बघून ठेवले होते. ‘क्रोम इफेक्ट पावडर कोटिंग’. केमिकलच्या टाक्या नाहीत, घातक वाफा नाहीत, आणि झळाळी सेम टू सेम. म्हटलं, हाच फंडा! सुटे केलेले पार्ट ज्वारीच्या पोत्यात भरले आणि सोलापूरची एसटी पकडली. पंचावन्न-एक किलोमीटर माझ्या शेजारच्या आजी त्या पोत्याकडे संशयाने बघत होत्या.

एमआयडीसीतलं वर्कशॉप. एरवी तिथे खिडक्यांच्या ग्रिल आणि ऑफिसच्या खुर्च्या रंगतात. मालकांनी पोतं उघडलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "ताई, क्रोम पाहिजे का क्रोमसारखं?"

मी गप्प.

मग त्यांनी सगळं समजावलं. पावडर कोटिंग म्हणजे चक्क कोरडा रंग. ना थिनर, ना ब्रश. गनमधून निघताना पावडरला विजेचा चार्ज मिळतो, पार्टला अर्थिंग दिलेलं असतं, म्हणून ती त्याला जाऊन चिकटते. केसांवर घासलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात ना, तसंच. मग ओव्हनमध्ये साधारण १८० ते २०० अंशांवर दहा ते वीस मिनिटं. पावडर वितळते, पसरते आणि टणक होते. थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या एका केसाच्या जाडीइतका.

आणि यात क्रोम कुठे असतं? कुठेच नाही! ‘क्रोम’ पावडरमध्ये असतात अॅल्युमिनियमच्या अतिबारीक पापड्या. त्या पृष्ठभागावर आडव्या, सपाट बसल्या की आरसा तयार होतो. बऱ्याचदा खाली चकचकीत काळा थर देतात, त्यावर ही पावडर. पण या थराला बोट लागलं तरी डाग पडतो, घासलं की तो निघतो. म्हणून वर पारदर्शक क्लिअर कोट हवाच. खरी गोम इथेच आहे. मालकांनी दोन नमुने पुढे ठेवले. एक क्लिअर कोटविना: त्यात मला माझ्या डोळ्यांखालची वर्तुळंसुद्धा दिसली. दुसरा क्लिअर कोटवाला: छान चंदेरी, पण चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट ठिपका.

"टिकणारं पाहिजे तर हा दुसरा," ते म्हणाले.

खरं क्रोम वेगळंच प्रकरण. विजेच्या मदतीने धातूवर आधी निकेल चढतं (कधी त्याखाली तांबंही), आणि सगळ्यात वर क्रोमियमचा थर, तोही एका मायक्रॉनपेक्षा पातळ. गंज थोपवायचं मुख्य काम निकेल करतं. तो थर कमी पडला की गंज आतून वर येतो, आमच्या रिंगवर आला तसा.

मग खरं क्रोमच करू, असं मी म्हणणार होते. तेवढ्यात मालक म्हणाले, ते आधी प्लेटिंगच्याच कामावर होते. "नाकातून रक्त यायचं, ताई. सोडलं." क्रोमिक अॅसिडची वाफ नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पाडू शकते, हे मी नंतर वाचलं. हेक्साव्हॅलंट क्रोमियममुळे कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९० मध्येच नोंदवलंय. कॅलिफोर्नियाने सजावटीच्या प्लेटिंगमधला त्याचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करायचा निर्णय २०२३ मध्ये घेतला. वाफ खेचणारे पंखे आणि सांडपाण्यावर प्रक्रिया असलेले कारखाने आहेत, पण दर तिथे चढा. आणि स्वस्तातलं प्लेटिंग स्वस्त का असतं, याचं उत्तर माझ्यासमोर उभं होतं.

आता काय करायचं? आम्ही पोतं जमिनीवर ओतलं आणि पार्ट वाटून घेतले. सायलेन्सरचे बेंड पाइप बाद, कारण साधी पावडर ती उष्णता सोसत नाही, करपते. ते आणि सायलेन्सर नीट सोय असलेल्या प्लेटिंगवाल्याकडे जाणार, खर्च वाढला तरी. पेट्रोलची टाकीही बाद. आत पेट्रोलची वाफ राहिली तर ओव्हनमध्ये स्फोट होऊ शकतो, शिवाय जुन्या टाकीचं डाग दिलेलं भोक त्या उष्णतेत पुन्हा उघडायची भीती. फ्रेमला साधी काळी पावडर, मात्र बेअरिंगच्या जागा आणि आटे टेपने झाकून. नाहीतर केसाएवढ्या जाडीनेसुद्धा बेअरिंग बसत नाही! हॅण्डल, रिम्स आणि ती रिंग ‘क्रोमसारखी’. त्यासाठी जुनं क्रोम पूर्ण काढायचं, कारण त्या गुळगुळीत अंगावर पावडर धड धरत नाही. मग पत्रा घासून घासून सपाट करायचा, कारण लांबी भरून खड्डे लपवायची सोय नाही. ती ओव्हनमध्ये टिकत नाही. आणि आरसा म्हटलं की खालचा प्रत्येक ओरखडा चाडी करतो.

पंधरा दिवसांनी पोतं परत मंगळवेढ्याला. मामांनी हॅण्डल उचललं, नख मारून बघितलं.

"हे तर आपल्या ताटावाणी दिसतंय की गं. स्टीलच्या."

मी सगळं सांगितलं. पापड्या, क्लिअर कोट, मालकांचं नाक. थोडी घाबरतच, कारण पैसे त्यांचे होते आणि रिंगही त्यांचीच. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून कंगवा काढला, रिंगसमोर वाकले आणि त्या धुरकट ठिपक्यात बघून भांग पाडला. वाकडा!

"बरं झालं," म्हणाले, "सुरकुत्या दिसत नाहीत."

आणि किल्ली माझ्या हातात दिली.