मेंढीवाचूनची लोकर

स्वेटरसाठी दुकानातून ‘लोकर’ म्हणून जो गुंडा आपण आणतो, तो बहुधा ॲक्रिलिकचा असतो. मेंढीशी त्याचा सुतराम संबंध नाही. इकडे माण-खटावच्या माळावर खरी लोकर टाकून दिली जाते, कारण मेंढ्या कातरण्याची मजुरीही तिच्यातून सुटत नाही.

दख्खनी मेंढीची लोकर राठ, बहुतेक काळी. अंगाला टोचते, हे खरेच. (घोंगडी पांघरलेल्यांनी कधी तक्रार केली नाही, ही गोष्ट निराळी.) मेरिनोसारखा मऊ स्वेटर तिचा होणार नाही, पण पिशव्या, आसने, वरून घालायची जाकिटे विणायला न रंगवलेले ते सूत उत्तम. मात्र ते हातांनी पिंजून चरख्यावर कातणाऱ्या धनगर बायका आता थकल्या आहेत.

केंद्र सरकारने २०२१ ते २०२६ साठी लोकरविकासाला १२६ कोटी ठेवले. पण अडते कुठे, हे मी बँकेत असताना पाहिले आहे. मेंढ्यांच्या कर्जप्रकरणात उत्पन्न धरायचे ते मटणाचे. लोकरीपुढचा आकडा नावापुरता. मग धनगर वजनदार, कमी लोकरीच्या जातीचा नर कळपात सोडतो. त्याचे काय चुकले?

लोकर वर्षातून दोनदा निघते, विणणाऱ्यांची खरेदी थंडीच्या तोंडावर. मधले महिने माल धरून ठेवायला सूत कातणारीला खेळते भांडवल हवे आणि कच्च्या लोकरीची प्रतवारीनुसार रोख खरेदी हवी. कर्ज लहान आहे. बचत गटाला सहज देता येईल.