शेळीला वेगळी खुंटी, कुत्र्याला थेट ओसरी

नेकनूरच्या बाजारातून शेळी आणली की आमच्याकडचा जाणता माणूस ती लगेच दावणीला घेत नाही. गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला वेगळी खुंटी, वेगळं पाण्याचं घमेलं, चाराही निराळा. नाक गळतंय का, हगवण लागलीय का, तोंडात फोड आहेत का, हे पंधरा-वीस दिवस बघायचं आणि मगच तिला कळपात सोडायचं. हे त्याला कुणी कॉलेजात शिकवलेलं नसतं. बाजारातल्या एका शेळीपायी कुणाचा तरी अख्खा कळप पीपीआरच्या साथीने बसलेला त्याने पाहिलेला असतो.

त्याच घरातलं पोरगं एखाद्या दिवशी एसटी स्टँडमागून कुडकुडणारं पिल्लू शर्टात गुंडाळून आणतं. ते थेट ओसरीवर येतं. घरच्या मोत्याच्या ताटलीत त्याला दूध मिळतं, मांजरीच्या पोत्यावर ते लोळतं आणि रात्री पोराच्या गोधडीत झोपतं. याला वेगळं ठेवावं असं घरात कुणाच्या मनातही येत नाही. कारण साधं आहे. शेळीला पैसे मोजलेले असतात, पिल्लू फुकट आलेलं असतं.

पिल्लांचा एक मोसमही असतो. दसरा-दिवाळी उरकली की आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॉलीत संसार चढतो, शेळी चढते, कोंबड्यांचं डालगं चढतं. जागा उरली तर कुत्रं चढतं, नाही तर ते मागे राहतं. वस्त्या-तांड्यांवर म्हातारी माणसं उरतात आणि त्यांच्या भाकरीतला तुकडा मिळेल या आशेवर ही कुत्री उरतात. पावसाळ्यात माजावर आलेल्या कुत्र्या याच सुमाराला वितात, म्हणून थंडीत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. ज्याला पाझर फुटतो तो एखादं उचलून घरी नेतो. त्याला मी नावं ठेवणार नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री उभी असलेली तसबीर घराघरात लावणारा आपला मुलूख आहे. एवढा पाझर फुटलाच पाहिजे.

पण पाझर पुरेसा नसतो, हे आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाने दाखवून दिलेलं आहे. डिसेंबर 2021 मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळचं नाव देशभर गाजलं. परदेशातल्या वर्तमानपत्रांतही ते छापून आलं. वानरं कुत्र्यांची पिल्लं उचलून झाडावर, माळवदावर नेत होती आणि ती पिल्लं पडून किंवा उपासाने मरत होती. कुत्र्यांनी वानराचं पिल्लू मारलं म्हणून वानरांनी सूड उगवला, अशी कहाणी तयार झाली. अडीचशे पिल्लं मारली असा आकडा फिरला. प्रत्यक्ष गावात जाऊन विचारणाऱ्यांना तो आकडा बराच खाली आलेला आढळला, पण तोवर गोष्ट हाताबाहेर गेली होती. शेवटी वनखात्याच्या पथकाने दोन वानरं पिंजऱ्यात पकडून नेली.

सुडाची गोष्ट मला तेव्हाही पटली नव्हती. सूड घ्यायचा असता तर पिल्लं जागेवरच फाडली असती. छातीशी धरून माळवदावर कशाला नेली असती? वानरांच्या टोळीत एकीचं पिल्लू दुसरीने घेऊन बसायचं, त्याचे केस विंचरायचे, ही रोजची रीत आहे. लवूळच्या वानरांच्या मनात काय होतं हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकणार नाही. मला मात्र ते सांभाळणंच वाटतं. उचलणाऱ्याला त्या पिल्लाची गरज कळत नव्हती, एवढंच. पाला खाणाऱ्या वानराला काय माहीत, की या जिवाला आईचं दूध लागतं आणि त्याला फांदी धरता येत नाही.

आपल्याला हे माहीत असतं. तरीही आपण पिल्लू उचलताना फक्त पिल्लाकडे बघतो. घरात आधीपासून जे जीव आहेत त्यांचं काय होईल, हा विचार फार उशिरा येतो.

पार्वोचंच घ्या. हा विषाणू जगाला 1978 च्या सुमारास कळला. मांजरांच्या एका जुन्या रोगाच्या विषाणूचा हा भाऊबंद. लागण झाल्यावर साधारण तीन ते सात दिवस, कधी दोन आठवडेही, पिल्लू वरून धडधाकट दिसतं. खेळतं, शेपूट हलवतं. लक्षणं दिसण्याच्या आधीच त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडायला लागलेला असतो. म्हणजे आपण त्याला ‘चांगलं आहे की’ म्हणून मोत्याशेजारी झोपवतो, तेव्हाच काम झालेलं असतं.

आमच्या गल्लीत हे मी जवळून पाहिलं आहे. आणलेल्या पिल्लाने आधी खाणं टाकलं. मग ते पाण्याच्या भांड्यावर तोंड धरून बसू लागलं; पाणी हवं होतं, पण पीत नव्हतं. मग पिवळा फेस ओकलं. दुसऱ्या दिवशी रक्ताची हगवण लागली. तिचा वास ज्याने एकदा घेतला तो दारातूनच सांगतो, हा पार्वो आहे म्हणून. ते गेलं. आठवडाभरात घरचं सहा महिन्यांचं कुत्रं त्याच वाटेने गेलं, कारण त्याला लस दिलेली नव्हती. घरच्या बाईंनी अंगण फिनाईलने धुऊन काढलं. फिनाईलने हा विषाणू मरत नाही. ब्लीच लागतं, तेही फरशी आधी घासून स्वच्छ केली असेल तरच. मातीच्या सारवलेल्या जमिनीत, सावलीच्या कोपऱ्यात तो महिनोन्‌महिने, वर्षभरसुद्धा तग धरतो. त्या घरी उन्हाळ्याआधी दुसरं पिल्लू आलं आणि तेही गेलं. ‘आमच्या जागेला कुत्रं लाभत नाही’ असं ते लोक आता सांगतात. जागेचा काही दोष नाही. पूर्ण लस झालेलं पिल्लू आणा, लाभेल.

डिस्टेंपरची तऱ्हा वेगळी. तो शिंकेतून, श्वासातून पसरतो आणि डोळ्यांत चिपडं, नाकात शेंबूड यायलाच आठवडा-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस घेतो. पुढे झटके येतात, जबडा आपोआप चावल्यासारखा हलतो. 2018 मध्ये गीरच्या जंगलात थोड्या दिवसांत 23 सिंह दगावले, त्यांतल्या काहींच्या शरीरात हाच विषाणू सापडला होता. सिंहाला लोळवणारा आजार आपल्या ओसरीवरच्या म्हाताऱ्या मोत्याला सोडेल का?

गोचिडांकडे तर आपण आजार म्हणून बघतच नाही. ‘दोन-चार गोचीड आहेत, काढून टाकू.’ एक मादी हजारो अंडी घालते, तीही कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या फटीत. आपल्याकडच्या जुन्या दगड-मातीच्या भिंती म्हणजे त्यांच्यासाठी चिरेबंदी वाडेच. मग घरचं कुत्रं तापाने बसतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं. यावरचा आपला उपायही कधी कधी दुखण्यापेक्षा वाईट असतो. गुरांच्या गोचिडांचं औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला चोळतात. त्याच कुत्र्याला अंग घासून मांजर बसते, नंतर स्वतःचं अंग चाटते आणि संध्याकाळी थरथरायला लागते. कुत्र्याला चालणारी काही औषधं मांजराला विष असतात. पर्मेथ्रिन त्यातलं एक. फिनाईलचंही मांजराला वावडं आहे. खरजेवर गॅरेजमधलं जळकं ऑईल चोपडणाऱ्यांना काय म्हणावं, ते छापण्यासारखं नाही.

शेळीवाल्यांनी हे जरा लक्ष देऊन वाचावं. भटक्या कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी असतात. त्यांची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर, पाण्यात जातात. एका जातीच्या कृमीने शेळीच्या मेंदूत पाण्याचा फोड होतो. ती मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरते आणि आपण उतारा टाकतो. दुसऱ्या जातीचे फोड यकृतात, फुफ्फुसात होतात आणि ते माणसालाही होतात. म्हणून आणलेल्या कुत्र्याला पहिल्या आठवड्यातच जंताचं औषध द्यायचं, त्याला चाऱ्याच्या गंजीवर झोपू द्यायचं नाही आणि बोकड कापल्यावर मुंडकं, काळीज कच्चं त्याच्यापुढे टाकायचं नाही.

रेबीजचं गणित सगळ्यांत अवघड, कारण तिथे वेगळी खुंटीही पुरत नाही. चावा झाल्यापासून कुत्रं पिसाळेपर्यंत साधारण तीन आठवडे ते तीन महिने जातात, कधी अधिकही. पिल्लाला आईजवळ असताना कोण चावलं होतं, हे आपल्याला कोण सांगणार? म्हणून तीन महिन्यांचं झालं की लस, पुढे डॉक्टर सांगतील तसे डोस, आणि घरातल्या जुन्या कुत्र्या-मांजरांचीही लस चालू असणं, हाच भरवशाचा मार्ग. नवं कुत्रं गाय-म्हशीला चावलं तरी जनावरांच्या दवाखान्यात जायचं. चावल्यानंतर देण्याची लस जनावरांसाठीही असते. माणसाला दात लागला, नुसता ओरखडा का असेना, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि सरकारी दवाखाना गाठायचा. चुना, हळद, तिखट काही लावायचं नाही.

आता मोठ्या कुत्र्याविषयी. जाणतं, उपाशी दिवस काढलेलं कुत्रं घरी आणलं की भांडण बहुतेक भाकरीवरूनच होतं. ज्याने उकिरड्यावर प्रत्येक घासासाठी मार खाल्ला, तो ताटली वाटून घेत नाही. आपल्याकडे कारवानी जातीची कुत्री बरीच आहेत. ससा पळाला की मागे धावायचं, एवढ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली जात. पाय अधू झाला किंवा वय झालं की धनी त्यांना सोडून देतात. असं उमदं, लांब तोंडाचं कुत्रं कुणीतरी दया येऊन घरी आणतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मांजर पळते. पळणाऱ्याच्या मागे जाणं हा त्याचा गुन्हा नाही, पण मांजर मेलेली असते.

म्हणून पहिली भेट घरात नको. जुन्या कुत्र्याला आणि नव्याला दोन माणसांनी दोन साखळ्यांवर शेतात किंवा मोकळ्या रस्त्याने, अंतर ठेवून, बरोबरीने चालवावं. एकमेकांचा वास घेऊन कंटाळले की मग घराकडे वळावं. जेवण वेगवेगळ्या जागी द्यावं. जुन्याची झोपायची जागा जुन्याचीच राहू द्यावी. मांजराला माळा, फडताळ, उंचावरची एखादी वाट मोकळी ठेवावी. भांडण जुंपलंच तर मध्ये हात घालू नये, बादलीभर पाणी टाकावं. महिनाभर तरी माणूस घरात नसताना त्यांना एकत्र सोडू नये. कोंबड्यांच्या बाबतीत मी महिन्याची मुदतही देणार नाही. खुराडं पक्कं करा.

22 ऑगस्ट 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने भटकी कुत्री दत्तक घेण्याची वाट दाखवली आणि दत्तक घेतलेलं कुत्रं परत रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. ही अट मला फार रास्त वाटते. कारण घाईने आणलेल्या कुत्र्याचा शेवट बहुधा ठरलेला असतो: घरच्या मांजरीला चावलं, शेळीवर धावलं, मोत्याशी पटलं नाही, म्हणून पोत्यात घालून घाटात सोडलं. त्याची दोनदा परवड, घरच्यांची एकदा.

तागडगावला जखमी वन्यजीवांसाठी झटणारं सर्पराज्ञी केंद्र आहे. अशा कुठल्याही केंद्रात नवा आलेला प्राणी आधी वेगळा ठेवायचा, हा जगभरचा नियम. तो आपल्या अंगणालाही लागू करायला खर्च काही नाही. दोन ते तीन आठवडे गोठ्याच्या पलीकडे, किंवा बीडसारख्या शहरात फ्लॅट असेल तर एखाद्या खोलीत वेगळं ठेवणं. वेगळं भांडं, वेगळं पोतं. आधी जुन्या जनावरांचं करायचं, मग नव्याचं, मग हातपाय धुवायचे. पार्वो-डिस्टेंपरची लस तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मिळेलच असं नाही. औषध दुकानातून घेतलीत तर बर्फात ठेवून डॉक्टरांपर्यंत न्या. उन्हात गाडीच्या डिकीत फिरलेली लस टोचून काही उपयोग नाही.

आणि एक काम पिल्लू आणायच्या आधीच करायचं. घरच्या मोत्याचं लसीचं कार्ड काढून बघा. तारीख उलटून गेली असेल तर आधी त्याला घेऊन दवाखान्यात जा. घरात दुसरं कुठलंच जनावर नसेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही. तुम्ही उद्याच एखादं पिल्लू घेऊन या. रेबीजची लस आणि जंताचं औषध तेवढं चुकवू नका.