सौरवादळाची दिशा विचारा
'सौरवादळ पृथ्वीवर धडकणार!' अशा मथळ्यांत वेग असतो, दिशा नसते. खरा प्रश्न मात्र दिशेचाच आहे. सौरवाऱ्यासोबत येणारे चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल, तर ते पृथ्वीच्या उत्तरमुखी क्षेत्ररेषांशी जोडले जाते आणि ऊर्जा आत शिरते. उत्तरेकडे असेल, तर बरीचशी ऊर्जा बाहेरूनच निघून जाते. जेम्स डंजी यांनी हे १९६१मध्येच मांडले होते. १३ मार्च १९८९ रोजी सौरवादळामुळे कॅनडातील क्युबेकमध्ये सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात होते. ही दिशा नेमकी मोजता येते ती १५ लाख किलोमीटरवरील एल-१ बिंदूपाशी, म्हणजे फार तर तासभर आधी. आपले 'आदित्य-एल१' तिथेच आहे. त्याच्या मॅग्नेटोमीटरची नोंद वीजवाहिन्या सांभाळणाऱ्यांपर्यंत मिनिटांत पोहोचली, तरच तिचा खरा उपयोग.