डब्यातला हंसराज

मे महिन्यात आई आमच्याकडे रेडिंगला यायची होती. बॅगा भरता भरता तिचा फोन आला. "अरे, विहिरीतला हंसराज आणतेय तुझ्यासाठी. ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते. कोणाला कळतंय!"

सावंतवाडीजवळच्या आमच्या घराची विहीर चिऱ्यांनी बांधलेली आहे. त्या चिऱ्यांच्या फटीफटीतून काळ्या देठाचा, नाजूक पानांचा हंसराज लोंबत असतो. लहानपणी कठड्यावरून वाकून बघताना पाण्याआधी तोच दिसायचा. मोह मलाही झाला, पण मी 'नको' म्हणालो. लावायचं रोप भारतातून ब्रिटनमध्ये आणायचं तर ते रोगमुक्त असल्याचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. माती तर आणताच येत नाही. "लोणचं चालतं, मसाला चालतो, आणि एवढंसं रोप नाही चालत?" म्हणत आईने फोन ठेवला. पुढे दोन दिवस अबोला.

आपल्यापैकी अनेकांच्या सूटकेसमधून कढीपत्ता, तुळस, मोगरा असं काय काय येत असतं, म्हणून हे लिहितोय. मुळाला चिकटून कीड आली तर ती आपल्या कुंडीत थांबत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. आणि कायदा घटकाभर बाजूला ठेवला, तरी विहिरीतला नेचा हीटर लावलेल्या खोलीत जगायचा कसा?

इथल्या पहिल्या हिवाळ्यात मी सुपरमार्केटमधून बॉस्टन फर्न आणला आणि खिडकीत, बरोब्बर रेडिएटरच्या वर ठेवला. महिनाभरात जमिनीवर पानांचा सडा. सुकतोय म्हणून पाणी वाढवलं, तर मुळं कुजली. नेच्याला हवा दमट लागते आणि माती ओलसर. चिखल त्याला सोसत नाही. फवारा मारला की दहा मिनिटं बरं वाटतं, पण आपल्याला, त्याला नव्हे. दुसरा आणला तेव्हा पानांमागे तपकिरी ठिपके दिसले. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, त्यामुळे बग दिसला की काढायचा ही सवय. ती सगळी पानं कापली, वर औषधही मारलं. ते ठिपके म्हणजे बीजाणूंचे पुंजके होते, हे नंतर कळलं. नेच्याला ना फूल, ना बी. त्याचा वंश चालतो तो त्या ठिपक्यांतूनच. तिसरा मी आणला नाही.

हा मोह इंग्रजांनाही चुकला नाही. पूर्व लंडनमधले डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांचे नेचे शहराच्या धुराने मरत असत. १८२९ च्या सुमारास त्यांनी बंद बाटलीत पतंगाचा कोश ठेवला, तर तळाच्या ओल्या मातीत नेचाच उगवला. त्यातून काचेच्या बंद पेट्या आल्या. याच पेट्यांतून पुढे चीनमधली चहाची रोपं भारतात आली. इथे मात्र घरोघरी नेचे जमवायचं खूळ सुरू झालं. चार्ल्स किंग्जली यांनी १८५५ मध्ये त्याला 'टेरिडोमेनिया' असं नावच दिलं. लोक पिशव्या आणि खुरपी घेऊन रानात जायचे. किलार्नी फर्न तर इतका खणून नेला, की त्याच्या उरलेल्या जागा आजही गुप्त ठेवल्या जातात. पावसाळी सहलीत घाटातल्या कड्यावरून नेचे उपटून पिशवीत घालणारे आपले लोक मी पाहिलेत. त्यांच्यात आणि या व्हिक्टोरियन मंडळींत मला फरक दिसत नाही.

म्हणून माझं मत असं, की जिथे राहतो तिथलाच नेचा लावावा, तोही रोपवाटिकेतून विकत आणून. घरामागच्या उत्तरेकडच्या अंगणात, जिथे ऊन येत नाही म्हणून आम्ही फक्त कचऱ्याचे डबे ठेवत होतो, तिथे मी मेल फर्न लावला. पहिल्या उन्हाळ्यात पाणी घातलं. आता मार्चमध्ये जुनी पानं कापतो, एवढंच. एप्रिलमध्ये गणपतीच्या सोंडेसारखे गुंडाळलेले कोंब वर येतात आणि उलगडत जातात. ऑफिसचे कॉल सोडून बघत बसावं असं ते दृश्य असतं.

हंसराजच हवा असेल तर त्याचा भाऊबंद, मेडनहेअर, ब्रिटनच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या चुनखडीच्या कड्यांवर मूळचाच आहे. आईला हे फोनवर सांगितलं. "असेल," एवढंच उत्तर आलं.

ती आली. डब्यात बेसनाचे लाडू होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन ती अंगणात गेली आणि तिथूनच मला हाक मारली. सांडपाण्याचा पाइप भिंतीत शिरतो तिथे, विटांच्या फटीत, लांबट जिभेसारखी हिरवी पानं होती. हार्ट्स टंग. चार वर्षांत माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"हा कोणी लावला?"

"कोणी नाही. वाऱ्याने आला असणार."

तिने एक पान उलटून मागच्या बीजाणूंच्या रेघा पाहिल्या. मग आत जाऊन तांदूळ धुतलेलं पाणी आणलं आणि त्या फटीत ओतलं. मी काही बोललो नाही.