तृष्णावेग आणि आपला केसपेपर

परभणी-जिंतूर मार्गावरील झरी या गावाच्या नावातच पाणी आहे. परंतु वैशाखात पारा ४२ ते ४४ अंशांपर्यंत चढतो, तेव्हा या परिसरातून येणाऱ्या रुग्णांच्या तक्रारी कोरडेपणाच्याच असतात. मूत्रदाह, मूत्रकृच्छ्र, मलावष्टंभ, शिरःशूल, भ्रम, पोटऱ्यांत गोळे येणे आणि मुतखडा. आपण त्या त्या व्याधीची चिकित्सा करतो, गोक्षुरादी गुग्गुळ, चंद्रप्रभा, उशीरासव लिहून देतो आणि शेवटी सवयीने सांगतो, ‘पाणी भरपूर प्या.’ रुग्ण मान डोलावतो आणि महिनाभराने तीच तक्रार घेऊन परत येतो. असे का होते, याचा विचार आपण वैद्यवर्गाने पुरेसा केलेला नाही, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

एका उन्हाळ्यात पऱ्हाट्या उपटण्याच्या कामावर जाणाऱ्या एक बाई मूत्रदाहासाठी तिसऱ्यांदा आल्या. औषध नियमित होते, पथ्यही ठीक होते. सहज विचारले, “मावशी, शेतात असताना पाणी किती वेळा पिता?” त्यांनी बाकावर बसलेल्या इतर माणसांकडे एकवार पाहिले आणि आवाज खाली करून म्हणाल्या, “दुपारपर्यंत पीतच नाही, डॉक्टर. पिलं की जावं लागतंय. पऱ्हाट्या उपटल्यावर आडोसा कुठं राहतोय?” हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावयास हवा होता. तो विचारला नाही, हा दोष रुग्णाचा नव्हे, माझा.

वस्तुतः शास्त्राने हा प्रश्न आपल्या हाती केव्हाच दिलेला आहे. चरकाचार्यांनी तृष्णेची गणना तेरा अधारणीय वेगांत केली आहे. ती रोखल्यास कंठ व मुख यांचा शोष, श्रम, बाधिर्य आणि हृदयव्यथा संभवते असे सांगून शीत तर्पणाची चिकित्सा दिली आहे. विमानस्थानात उदकवह स्रोतसाच्या दुष्टीची कारणे सांगताना उष्णता, आम, भय, मद्यपान, अतिशुष्क अन्न आणि तृष्णेचे अतिपीडन ही सहा कारणे एकत्र मांडली आहेत. भर उन्हात कोरडी भाकरी-चटणी खाऊन, उघड्यावर कोणी पाहील या धास्तीने तहान मारणाऱ्या शेतमजूर स्त्रीच्या ठायी यातील किती कारणे एकाच वेळी उपस्थित असतात, हे ज्याचे त्याने मोजावे. शिवाय ती तृष्णेबरोबर मूत्राचा वेगही रोखते. दोन वेगांचे धारण रोज आठ तास घडत असेल, तर केवळ चंद्रप्रभेने काय साधणार?

येथे आपल्यातील एका जुन्या सवयीचाही उल्लेख करणे भाग आहे. ‘आयुर्वेदात पाणी कमीच प्यावे असे सांगितले आहे’ असे विधान अनेक वैद्य सर्रास करतात. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात निरोगी माणसानेही पाणी अल्प प्रमाणात प्यावे असे म्हटले आहे, हे खरे. परंतु त्याच वचनात शरद आणि ग्रीष्म हे दोन ऋतू स्पष्टपणे वगळले आहेत. हा अपवाद आपण रुग्णास सांगत नाही. आपल्या भागात शरदात सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी असते. ग्रीष्मात पऱ्हाट्या, नांगरट आणि पेरणीपूर्व मशागत असते. म्हणजे ज्या दोन ऋतूंत वाग्भटाचार्यांनी मोकळीक दिली, त्याच दोन ऋतूंत आपला रुग्ण सर्वाधिक घाम गाळतो. अशा वेळी अर्धे वचन सांगणे हे शास्त्राला धरून नाही.

दुसऱ्या टोकाला ‘दिवसाला आठ ग्लास’ हा मंत्र आहे. १९४५ साली अमेरिकेतील अन्न व पोषण मंडळाने प्रौढासाठी सुमारे अडीच लिटर पाण्याची शिफारस केली. मात्र यातील बहुतांश पाणी अन्नातूनच मिळते, असे लगेच पुढे नमूद केले होते. पुढचे वाक्य लोक विसरले. २००२ साली हाइन्झ व्हाल्टिन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने या मंत्राचा सविस्तर शोध घेतला, तेव्हा त्यास शास्त्रीय आधार आढळला नाही. पंख्याखाली बसणारा कारकून आणि उन्हात राबणारा सालगडी यांना एकच माप लावणे देश, काल, बल, सात्म्य पाहणाऱ्या वैद्यास शोभत नाही.

मग करावे काय? प्रथम, केसपेपरवर तीन प्रश्नांना कायमची जागा द्यावी: तहान लागल्यावर पाणी पिता का? न पिण्याचे कारण काय? दिवसातून लघवी किती वेळा आणि कोणत्या रंगाची होते? उत्तर स्त्री रुग्णाकडून, शक्यतो इतरांच्या कानाआड घ्यावे. शाळेतील मुली, लांबच्या फेरीवरील वाहनचालक आणि तहानेची जाणीवच मंदावलेले वृद्ध यांनाही हे प्रश्न आवर्जून विचारावेत. केरळातील शाळांत २०१९ पासून पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा दिली जाते. घंटेबरोबर वापरण्याजोगे स्वच्छतागृह असेल, तरच मुली पाणी पितील, हे आपल्याकडील मुख्याध्यापकांना सांगण्याचा अधिकार गावच्या वैद्यास निश्चितच आहे. शेतमालकासही बांधावर जुन्या साड्यांचा आडोसा उभा करावयास सांगता येते. त्यास खर्च जवळजवळ नाही.

दुसरे, सल्ला नेमका द्यावा. घरून निघताना पाणी पिऊन निघावे, कामावर दर तासाला थोडे थोडे प्यावे आणि लघवीचा रंग फिकट राहील हे पाहावे. माठात वाळ्याची जुडी, न्याहारीस ज्वारीची आंबील, दुपारी जिरे व मीठ घातलेले पातळ ताक, ही आपल्याच घरातील साधने आहेत. मुतखडा वारंवार होणाऱ्या रुग्णास दिवसाला सुमारे अडीच लिटर मूत्रप्रवृत्ती होईल इतके पाणी लागते, हे आधुनिक मतही त्यास सांगावे. ज्वरातील तृष्णेसाठी मुस्ता, पर्पटक, उशीर, चंदन, उदीच्य व नागर यांचे षडंगपानीय आहेच. मात्र शोथ, उदर, हृद्रोग आणि वृक्कविकार यांत ‘भरपूर प्या’ हा सल्ला घातक ठरू शकतो. तेथे मोजूनच द्यावे.

आता औषधी दुकानदार बंधूंशी थोडे. अतिसारात षडंगपानीय किंवा ताक हे जलसंजीवनीला पर्याय नव्हेत. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने असंख्य पटकीग्रस्तांचे प्राण वाचविले. त्याच उपचाराची ही पुडी आहे. ती देताना पाण्याचे माप तोंडी सांगावे. २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण १ लिटर पाण्यासाठी असते. ती एका पेल्यात विरघळवून बाळास पाजली तर अपायच होतो. ‘ओआरएस’ अशी अक्षरे मिरविणारी गोड पेये वर्षानुवर्षे आपल्या फडताळांवर होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांवर ती अक्षरे छापण्यास मनाई केली. अतिरिक्त साखरेने अतिसार वाढतो, हे आपणास ठाऊक होते. तरीही ती विकली गेली. दहा रुपयांच्या नफ्यासाठी गिऱ्हाइकाचा विश्वास गमावू नये, एवढेच नम्र सांगणे आहे. दुकानाच्या पायरीशी उन्हाळ्यात एक माठ ठेवला, तर तोही औषधाचाच भाग समजावा.

त्या बाईंना त्या दिवशी जुनेच औषध दिले. फक्त त्यांच्या मुकादमास निरोप धाडला आणि बांधावर दोन बांबूंना साडी बांधली गेली. त्या उन्हाळ्यात त्या चौथ्यांदा आल्या नाहीत. एका रुग्णावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मान्य. परंतु एका रुग्णावरून एक प्रश्न केसपेपरवर नक्कीच वाढविता येतो. तो प्रत्येकाने आपापल्या चिकित्सालयात वाढवावा, ही विनंती.